शिक्षेची मुदत कमी होऊ शकते का?

प्रश्न : सत्र न्यायालयात कबुली दिल्यावर भावाला जबरी चोरीसाठी ७ व चोरीसाठी २ वर्षे सश्रम कारावास झाला. आता अपील करता येईल का?

उत्तर : होय. कबुलीनंतरही शिक्षेच्या मुदतीविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करता येते. निकालाची प्रत मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो आणि अर्ज तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही पाठवता येतो. मात्र प्राणघातक शस्त्र वापरल्याचे कलम (जुन्या भारतीय दंड संहितेचे ३९७, आता भारतीय न्याय संहितेचे ३११) लागले असेल, तर ७ वर्षे ही किमान शिक्षाच असल्याने तेथे फारशी आशा ठेवू नये. आमच्या मते खरा वाव दुसरीकडे आहे : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (जून २०२४ पर्यंत) दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगाव्यात, असा स्पष्ट आदेश नसेल तर त्या एकापाठोपाठ भोगाव्या लागत; आता त्या एकाच वेळी की एकापाठोपाठ भोगायच्या, हे न्यायालयाने गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून आदेशात सांगायचे असते, म्हणून अपिलात एकाच वेळी भोगण्याचा आदेश आवर्जून मागावा. खटल्यापूर्वीची कोठडीही शिक्षेतून वजा होते.