बाण डावीकडे जातात, लाँगबो परत पाठवू का?

प्रश्न : खास बनवून घेतलेला लाँगबो (लांब, साधं धनुष्य) हातात आला. लाकडाचे थर, वरून फायबरग्लास. त्यावर ‘४५ पौंड, २८ इंच’ लिहिलंय, पण सामानाच्या वजनकाट्याला अडकवून माझ्या मापापर्यंत खेचला तर चाळीसच भरतात. वरचा लिंब (धनुष्याची लवणारी भुजा) खालच्यापेक्षा जास्त लवतो. रिकर्व्हसाठी (टोकं उलट वळलेल्या धनुष्यासाठी) घेतलेले ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाण किती लवतो त्याचा आकडा) कार्बन बाण सगळे डावीकडे जातात. मी दोरी उजव्या हातानं खेचतो. शिवाय दोरी आता मनगटाला लागायला लागली आहे. परत पाठवू का?

उत्तर : एवढ्यात नको. तुमच्या तक्रारींतली एकही अजून धनुष्याच्या माथी मारता येत नाही.

वजनाचं आधी उरकतो. लिहिलेले पौंड २८ इंचांचे आहेत, तुमच्या हाताचे नव्हेत. बाणाच्या खाचेपासून ग्रिपच्या सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच, ही खेचण्याचं माप मोजण्याची रीत. पूर्ण खेचलेल्या अवस्थेत कुणाला तरी बाणावर पेन्सिलनं खूण करायला सांगा. माप २६ निघालं तर चाळीस पौंड बरोबरच आहेत, कारण इंचामागे दोन-तीन पौंड कमी होतातच. चाळीस सुखानं खेचता येत असतील तर आनंद माना. पौंडांच्या हौसेपायी खांदे धरून बसलेले मी पुष्कळ पाहिलेत.

वरचा लिंब किंचित जास्त लवतो तो मुद्दाम. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ठेवून खेचणाऱ्यांसाठी खालचा लिंब थोडा कडक ठेवतात. तुम्ही तिन्ही बोटं बाणाखाली ठेवत असाल आणि कारागिराला ते सांगितलं नसेल, तर मात्र त्याच्याशी बोला.

आता दोरी. नवी दोरी सुरुवातीला ताणतेच, मग ती ग्रिपच्या जवळ येते आणि मनगटाला चापट मारते. दोरी ते ग्रिप हे अंतर मोजा. लाँगबोला ते साधारण सहा ते साडेसात इंच असतं. तुमच्या कारागिरानं सांगितलेला आकडा अंतिम. कमी भरलं तर दोरी उतरवा, आहे त्याच दिशेनं थोडे पीळ द्या, चढवून पुन्हा मोजा. चढवताना स्ट्रिंगर (दोरी चढवायची मदतीची दोरी) वापरा. पाय घालून वाकवलं की लिंब पिरगळण्याची भीती. दोरी बसेपर्यंत नेमबाजीचे निष्कर्ष काढू नका.

खरी गोम बाणांत आहे. ५०० स्पाइन म्हणजे २८ इंचांवर टेकवलेल्या बाणाच्या मध्यावर ८८० ग्रॅम टांगले की तो अर्धा इंच लवतो. रिकर्व्हची खिडकी (बाण जाण्यासाठी बाजूला कापलेली जागा) मध्यापर्यंत, कधी पलीकडेही कापलेली असते. लाँगबोची सहसा तेवढी नसते, म्हणून बाणाला धनुष्याला वळसा घालून जावं लागतं. त्यासाठी तो लवायला हवा. तुम्ही चाळीस पौंडच खेचता, त्यामुळे हे बाण कडक पडत असणार, आणि उजव्या हातानं खेचणाऱ्याचा कडक बाण डावीकडेच जातो. पण फार मऊ बाणही धनुष्यावर आपटून डावीकडे उडू शकतो! तेव्हा शेल्फच्या (बाण टेकतो त्या जागेच्या) वर, धनुष्याच्या बाजूला घासल्याची खूण आहे का, ते आधी बघा.

खूण नसेल तर नवा संच घेण्याआधी एकाच बाणाला जड टोक लावून पाहा. टोक जड झालं की बाण जास्त लवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर ६०० किंवा ७०० स्पाइनचे, म्हणजे आणखी मऊ, एक-दोन बाण मागून आणा, आणि लांबी कापायची घाई नको, कारण आखूड बाण कडक होतो. पिसं खरीच हवीत. प्लॅस्टिकची शेल्फवर आपटतात आणि बाण भलतीकडे फेकतात. बाणाला वजनही हवं, पौंडामागे नऊ-दहा ग्रेन (बाणाच्या वजनाचं छोटं एकक). फार हलका बाण सोडलात तर उरलेला धक्का तुमच्या मुठीत येतो.

वजनकाट्याचा प्रयोग पुन्हा केलात तर दोरी हातानं सावकाश परत न्या. बाणाशिवाय सुटली तर लिंब फुटू शकतो. धनुष्य तापलेल्या गाडीत ठेवू नका.

एवढं करूनही बाण डावीकडेच गेले, तर दोरीचं अंतर, खेचण्याचं माप आणि टोकाचं वजन कळवा. मग कारागिराला काय लिहायचं ते ठरवू.