पाण्याच्या दिवशी चालायचं नाही

"मॅडम, व्यायाम सोडला तर अंग आणखीनच धरंल ना?"

परभणीच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) दीड वर्षापूर्वी तापानं आठवडाभर झोपून होत्या. ताप गेला, थकवा मुक्कामाला राहिला. रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचल्यासारखं. फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्दच आठवायचा नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी क्रॉनिक फटिग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनंही न हटणाऱ्या थकव्याचा आजार, असं नाव सांगितलं. घरात निदान आधीच झालेलं होतं: आळस. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही तर या वयात दिवसदिवस कापूस वेचायचो."

इथं माझीही चूक सांगते. नैराश्यात चालण्याचा फायदा होतो, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलेलं. त्याच सवयीनं बोलून गेले, रोज दहा मिनिटं चाला, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. ताईंनी इमानदारीनं केलं. पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं जायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मालकांचा फोन आला, "मॅडम, ती उठूच नाही लागली."

मग वही घातली. आज काय केलं आणि पुढचे तीन दिवस कसे गेले, एवढंच लिहायचं. महिनाभरात दिसलं, की चालल्याच्या दिवशी ताईंना उलट बरंच वाटायचं. दणका बसायचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणून कुणालाच संबंध लागत नव्हता. या आजाराची मुख्य खूण हीच: श्रमानंतरची घसरण. ती बहुधा १२ ते ४८ तासांनी येते, आणि कधी दिवस तर कधी आठवडे टिकते. कोणत्या आजारात काय उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २००७ साली ठरावीक मापानं वाढवत न्यायचा व्यायाम या रुग्णांना सुचवला होता. २०२१ मध्ये तो देऊ नका असं सांगितलं. मी ते फार उशिरा वाचलं.

वहीत आणखी एक गोष्ट निघाली. सगळ्यात वाईट दिवस पाण्याच्या दिवसानंतरचे होते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घागरी, पिंपं, बादल्या घेऊन जिन्यावरून दोन तास वरखाली. ताईंचा खरा व्यायाम तोच, आणि तो कुणी हिशेबात धरलाच नव्हता!

मग उलटं मांडलं. आधी कामं कमी केली: भाकरी उभ्यानं नाही, उंच स्टुलावर बसून, वर्गात खुर्ची, पाण्याच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस चालणं बंद. थकल्यावर नाही, थकण्याच्या आधी आडवं व्हायचं. हे सगळ्यात अवघड गेलं. कारण सासूबाईंसमोर धडधाकट दिसत असताना लवंडायचं म्हणजे काय, हे सांगायला नको.

अंग धरू नये म्हणून पलंगावर पडूनच पाय ताणणं, घोटे फिरवणं, तेही दोन-तीन मिनिटं, आणि जमतंय असं वाटलं तरी तिथंच थांबायचं. उभं राहिलं की त्यांना गरगरायचं, म्हणून सुरुवात पडून. पुढचे तीन दिवस ठीक गेले तरच तेवढंच पुन्हा. वाढवायची तारीख ठरवली नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर आहे त्यातूनही कमी केलं.

ताई बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. शाळा सांभाळतात, पण आठवड्यातून एखादा दिवस अजून अंथरुणातच जातो. पूर्वी महिन्यातले दहा-बारा जायचे.

मागच्या भेटीत मालक सोबत आले होते. आता पाणी ते आणि मोठा मुलगा भरतात. निघताना त्यांनी विचारलं, "मॅडम, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे नांदेडला. हळद का लग्न, एकच करायचं ना?" मी म्हटलं, आधीचे दोन दिवस आणि नंतरचे तीन दिवस वहीत मोकळे सोडा, मग दोघं मिळून ठरवा.