सरांचं 'शुद्ध' स्पॅनिश आणि तुझं मेस्सीवालं

अगं ए मेस्सीभक्त,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. सर भर वर्गात म्हणाले की हे तुझं मेस्सीचं ऐकून उचललेलं अर्जेंटिनाचं अशुद्ध स्पॅनिश इथे चालणार नाही, आणि तेव्हापासून तू तोंडच उघडत नाहीयेस. आपल्याकडे पुणेरीवाले वऱ्हाडीला नाकं मुरडतात ना, तीच गत. सरांवर रागावू नकोस, पण या बाबतीत त्यांचा इतिहास कच्चा आहे.

बघ, माद्रिदवाले 'धन्यवाद'ला जीभ दातात धरून 'ग्राथियास' म्हणतात आणि अख्खी लॅटिन अमेरिका 'ग्रासियास'. सगळ्यांना वाटतं मूळ 'थ' होता आणि तिकडे जाऊन त्याचा 'स' झाला. पण १५०३ पासून अमेरिकेशी होणारा व्यापार, प्रवास सगळा दक्षिण स्पेनमधल्या सेवियाच्या एका सरकारी कचेरीच्या हातात होता, जहाजं त्या बाजूनेच सुटायची, वाटेत कॅनरी बेटांवर थांबायची, आणि सुरुवातीच्या लोकांत त्याच दक्षिणेकडच्या अंदालुसियाचेच जास्त, ज्यांच्या बोलण्यात 'स'सारख्या दोन जुन्या आवाजांमधला फरक तेव्हाच पुसट व्हायला लागला होता. माद्रिदचा आजचा 'थ' पक्का व्हायला जवळपास १७वं शतक उजाडलं. मग बिघडलं कोण? (बोबड्या राजाची नक्कल करता करता हा 'थ' आला, अशी गोष्ट कोणी सांगितली तर हसून सोडून दे, थाप आहे ती.)

समोरच्याला तू जे 'वोस' म्हणतेस, त्याचंही तसंच. कधीकाळी ते स्पेनमध्ये मानाने बोलायचं सर्वनाम होतं, मग घसरत घसरत तिथे संपलं आणि बुएनोस आयरेसकडे टिकलं, फक्त आता दोस्तांमध्ये. सर त्याच जागी जे स्पॅनिश 'तू' शिकवतात, ते मात्र आपल्या 'तू'चं लांबचं भावंड आहे, ते शिकायला तुला काय जड जाणार.

आणि शुद्धच शोधायचं तर स्पेनमध्ये तरी कुठे सापडणार? ७११ ते १४९२ अरबी राजवट या ना त्या भागात होतीच. 'ओखाला', म्हणजे 'असं होवो', यात सरळ अल्ला बसलाय. 'आसुकार' म्हणजे आपली शर्करा, फारसी-अरबीतून फिरून गेलेली, आणि बुद्धिबळाचं 'आखेद्रेस' म्हणजे चतुरंग! टोमॅटो, चॉकलेट हे मेक्सिकोच्या नावात्ल भाषेतून आले, आपला चिक्कूसुद्धा तिकडचाच.

पण फक्त गोड गोड वाचू नकोस. १७७० मध्ये राजा कार्लोस तिसरा याने हुकूम काढला होता की अमेरिकेतल्या स्थानिक भाषा संपवून फक्त कास्तेयानो, म्हणजे स्पॅनिशच, बोललं जावं. राजा गेला, स्वतंत्र देश झाले, त्यांच्या शाळांनी बरंचसं तेच काम पुढे नेलं. तरी पराग्वेत तिथली मूळची ग्वारानी भाषा टिकलीच, १९९२ च्या घटनेत तिला स्पॅनिशच्या बरोबरीची जागा आहे. त्यामुळे 'हीच खरी भाषा' म्हणणाऱ्यांचं ऐकलं की मला जरा धडकीच भरते.

एक माझा किस्सा. नवीन होते, मेक्सिकोचा क्लायंट म्हणाला फाइल 'आओरिता' पाठवतो, मी पुस्तकातला अर्थ लावला, आत्ताच्या आत्ता, आणि रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर डोळे ताणून बसले. फाइल तिसऱ्या दिवशी आली. ते आपलं 'हे काय, निघालोच' होतं गं! माझं पुस्तक माद्रिदचं, त्यात हे कुठून असणार.

तर परीक्षेत 'तुझ्याकडे आहे' याला सरांना हवं ते 'तू तिएनेस' लिही, मार्क घे, वाद घालत बसू नकोस. बोलताना 'वोस तेनेस' बिनधास्त चालू दे, फक्त एका वाक्यात वोस आणि पुढच्यात तू असली खिचडी नको. मेस्सीसोबत अधूनमधून मेक्सिकोच्या, कोलंबियाच्या बातम्या पण ऐक, बोगोटात लोक घरच्यांनासुद्धा 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो करतात, मजा येईल.

रविवारी कॉल कर. मराठीत बोललीस तर ठेवून देईन.