घटपर्णी : नाव देण्याआधी सगळा वेल बघ

पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. बोर्निओच्या त्या घटपर्णीवर, पानाच्या टोकाच्या घटात कीटक पकडणाऱ्या त्या वेलावर, काम करायचं म्हणतेस, फार आनंद झाला. मात्र 'ही नवी प्रजातीच आहे' असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहेस, ते तूर्त खोडून टाक.

तुझ्या फोटोंत सगळे जमिनीलगतचे घट दिसतात. हे घट फुगीर असतात, त्यांना पुढून झालरीचे दोन पंख असतात आणि पानाला घटाशी जोडणारा तंतू समोरच्या बाजूने जोडलेला असतो. वेल वर चढला की नरसाळ्याच्या आकाराचे घट येतात. पंखांच्या जागी नुसते कंगोरे उरतात, तंतू मागून जोडलेला असतो आणि अनेकदा फांदीला वेढा घालतो. दोन्ही घट एकाच वेलाचे आहेत, हे हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, बसून कळत नाही. त्यासाठी वेल मुळापासून शेंड्यापर्यंत स्वतः बघावा लागतो.

दुसरी गोष्ट संकराची. घटपर्णीत नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि शेजारच्या प्रजातींचा संकर निसर्गातही सहज होतो. म्हणून एकुलत्या एका वेगळ्या वेलावर विश्वास ठेवू नकोस. नर, मादी, लहान रोपं, सगळी एकाच ठेवणीची सापडायला हवीत.

नमुना वाळवायला दाबताना एक घट उभा चिरून पसरव, दुसरा स्पिरिटमध्ये ठेव, नाहीतर तोंडाच्या कडेची घडण सपाट होऊन जाते. रंग वाळल्यावर राहत नाही, तो तिथंच वहीत लिही. झाकणाच्या खालच्या बाजूच्या ग्रंथी भिंगातून बघ. लव बघायची असेल तर कोवळ्या शेंड्याकडे वळ, जुन्या पानांवरची बरीचशी झडलेली असते. हे सगळं मला जीव ओतून सांगावंसं वाटतं, कारण वर्गीकरणाचा खरा कस इथेच लागतो.

'नेपेंथिस पुडिका' या घटपर्णीचं उदाहरण घे. २०१२ मध्ये बोर्निओत सापडलेल्या त्या वेलांना वर घटच दिसेनात. ते जमिनीखाली निघाले. नाव प्रसिद्ध झालं २०२२ मध्ये.

परवानग्या आधी काढ. या कुळातल्या सगळ्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साईट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारविषयक कराराचं नियंत्रण आहे. आपल्या मेघालयातली 'खासियाना' घटपर्णी तर त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या यादीत आहे. वर्णनासोबत नेमकं ठिकाण जाहीर करू नकोस. चोरून रोपं उपटणारे असे लेख बारकाईने वाचतात.

निघण्याआधी कोरेगाव पार्कात, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या हर्बेरियममध्ये जाऊन ये. जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या वाच, काय लिहायचं राहून गेलंय ते टिपून ठेव आणि ती यादी घेऊन माझ्याकडे ये. तुझा वहीचा तक्ता आपण तिच्यावरूनच आखू.