कासचं पठार आणि गॅलरीतल्या कुंड्या

*ताई, वय ६३, बँकेतून निवृत्त, साताऱ्यात राहतो. आठ महिन्यांपूर्वी पत्नी गेली. कवितेचं वेड तिला. आवडलेल्या कविता वहीत उतरवून ठेवायची. ती वही मला उघडवत नाही. सगळे म्हणतात, मन रमवा, निसर्गात जा. सप्टेंबरात मित्रांनी कासला नेलं. सगळे हरखले होते, मला काहीच वाटलं नाही, उलट चिडचिड झाली. रात्री दोन-तीन तासांवर झोप लागत नाही. तिचा मोगरा, जास्वंद गॅलरीत आहेत, सूनबाई पाणी घालते. माझ्यातलंच काही मेलंय का?*

नमस्कार.

कासला काही वाटलं नाही, हे तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. अहो, सप्टेंबरातल्या कासला धडधाकट माणसाचीही पंचाईत होते. तिकीट, गर्दी, फुलांत पाय टाकू नका म्हणून ओरडणारी माणसं, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. त्यात तुम्हाला नेलं ते बरं वाटावं म्हणून! बरं वाटायची वाट बघत उभं राहिलं की नेमकं तेच वाटत नाही. तिथली टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, तेव्हा धीर धरा, असलं काही मी सांगणार नाही. तुम्ही कारवी नाही.

झोपेचं मात्र डॉक्टरांना सांगा, याच आठवड्यात. ते काम कवितेचं नाही. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आता कविता. कवयित्री इंदिरा संतांचं उदाहरण लोक फार सोपं करून सांगतात. १९४० साली त्यांचा आणि पती ना. मा. संतांचा मिळून एक संग्रह आला, नाव ‘सहवास’. १९४६ साली ना. मा. गेले. पदरात मुलं, बेळगावात शिकवण्याची नोकरी. त्यांचा स्वतःचा ‘शेला’ आला तो १९५१ साली. आणि त्यानंतरही दुःख सरलं, असं त्यांच्या कवितेत मला तरी कुठे दिसलं नाही. पावसात, संध्याकाळीत, घरातल्या साध्यासुध्या वस्तूंत ते मुरत गेलं. म्हणून दुःखावरचा उतारा समजून त्यांच्या कविता वाचू नका. तुमच्या घरात जी जागा रिकामी झालीय, ती आणखी कुणाच्या तरी ओळखीची होती, एवढं कळायला वाचा. रडू आलं तर येऊ द्या.

पत्नीची वही आज उघडायलाच हवी असं नाही. कपाटात असेल तर बाहेर काढून रोज दिसेल अशी ठेवा, बस. कधीतरी हात जाईल तेव्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. मध्येच कुठेतरी उघडा आणि एकच कविता दुसऱ्या कागदावर उतरवून काढा. वाचताना डोळे पुढे पळतात, लिहिताना पळता येत नाही. तुम्ही लेजर लिहिलेले, अक्षर चांगलंच असणार.

पण सगळ्या पत्रात मला अडवलं ते कुंड्यांनी, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. ते काम सूनबाईंकडून मागून घ्या. मन रमवायला नाही, झाडांना तहान लागते म्हणून. जास्वंदीची पानं उलटून बघावी लागतात, पिठ्या ढेकूण लपलेला असतो. थंडी सरत आली की मोगरा छाटायचा. नव्या फुटीवर कळ्या धरतात. जात्यावर बसणारी बाई काही ओवी गायला बसत नसे. पीठ हवं असायचं म्हणून बसे. ओवी मागून यायची, माहेर, भाऊ, गेलेलं माणूस, सगळं घेऊन. कधी येतही नसेल, पीठ तर पडायचंच. तुमच्याही बाबतीत काही दिवस नुसतं पाणी घालणंच होईल. होऊ दे.

आणि एक. सासू गेली ती सूनबाईंचीही. आठ महिने त्या न बोलता झाडं जगवताहेत. उद्या सकाळी गॅलरीत त्यांच्याबरोबर उभे राहा आणि विचारा, कुठल्या कुंडीला किती पाणी लागतं हे त्यांना कुणी शिकवलं.