‘कठीण स्थिती’ की ‘अवघड ठाण’?

गंगापूर रस्त्याकडच्या माळावर रविवारी सकाळी डिस्क गोल्फ, म्हणजे चेंडूऐवजी तबकडी (डिस्क) फेकत फेकत ती टोपलीत टाकण्याचा खेळ, खेळणाऱ्या मंडळींसाठी नियमांचे मराठी टाचण करू पाहणाऱ्या नाशिकच्या एका वाचकाने ‘डिफिकल्ट लाय’ला ‘कठीण स्थिती’ आणि ‘रिलीफ’ला ‘दिलासा’ असे शब्द योजले आहेत. पण ते कानाला खटकतात, तेव्हा दुसरे काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांचे खटकणे रास्त आहे. साध्या गोल्फमध्ये ‘लाय’ म्हणजे चेंडू कसा पडून आहे ते, त्यामुळे तिथे ‘स्थिती’ चालून गेली असती. डिस्क गोल्फच्या नियमांत मात्र ‘लाय’ ही खेळाडूची जागा आहे. फेकलेली डिस्क थांबली की तिला टेकवून, टोपलीच्या बाजूला, खुणेची छोटी चकती ठेवतात आणि त्या चकतीच्या मागे २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब एवढी जी जागा धरली जाते, तिथे पाय टेकवूनच पुढची फेक करायची असते. डिस्क झाडात अडकली तरी ही जागा तिच्या बरोबर खाली जमिनीवर धरतात. म्हणून मला ‘ठाण’ हा शब्द नेमका वाटतो. संस्कृत ‘स्थान’पासून आलेल्या या शब्दात जागाही आहे आणि तिथे पाय रोवून उभे राहण्याची ढबही आहे, ‘ठाण मांडणे’ तर आजही सर्रास बोलले जाते. पाय कसे टाकले यासाठी तालमीतला ‘पवित्रा’ आयताच हाताशी आहे. ठाण डिस्कने ठरवून दिलेले असते, पवित्रा आपण निवडतो, हा भेद या दोन शब्दांनी फार सुरेख राखला जातो.

विशेषण ‘अवघड’च घ्यावे. कवच कठीण असते, प्रश्न कठीण असतो. वाट, घाट आणि दुखण्याची जागा मात्र अवघड.

क्रियापदांची निवड तर याहून महत्त्वाची आहे. डिस्क बाभळीखाली गेली, काटेरी फांदी छातीशी आली, की सोबत्याला ‘जरा धर रे’ म्हणण्याचा मोह होतो. पण फांदी धरणे, वाकवणे, रेटणे यांतले काहीच चालत नाही. ती कमीत कमी हलेल असाच पवित्रा घ्यावा लागतो. फेकताना हाताच्या ओघात ती हलली तर दोष नाही. त्यामुळे टाचणात ‘हलवू नये’ एवढेच लिहिल्यास अर्थ निसटेल. ‘हाताने बाजूला सारू नये’ असे स्पष्ट लिहावे.

राहिला ‘रिलीफ’. दिलासा मिळतो तो मनाला. इथे पाऊल मागे घेण्याची परवानगी मिळते, म्हणून ‘मुभा’ म्हणावे. टाचणातली वाक्ये मग अशी होतील: ‘ठाणाशी गांधीलमाश्यांचे पोळे असल्यास टोपलीच्या रेषेत मागे सरकण्याची बिनदंडाची मुभा आहे. बाभळीचे काटे नको असल्यास त्याच रेषेत मागे सरकता येईल, मात्र एका फेकीचा दंड धरला जाईल.’