नटराज कॅलेंडरसारखा का दिसतो?

प्रश्न: ताई, मी नागपूरची, वय २३. नऊ वर्षं भरतनाट्यम शिकली, मग गुडघ्याने दगा दिला म्हणून सोडलं आणि आता अ‍ॅक्रेलिकमध्ये पेंटिंग करून राहिली. विषय एकच, नाच आणि देव. नटराज, मीरा, मागे ॐ, सोनेरी वलय. घरचे वा वा करतात, पण परवा एका सरांनी कॅनव्हास बघून म्हटलं, कॅलेंडर छान झालंय. दोन दिवस ब्रशला हात लावला नाही. माझी श्रद्धा खोटी नाहीये ना, मग चित्रात का नाही उतरत?

उत्तर: अगं, सर टोचून बोलले हे खरं, पण तू पाठवलेली तीन चित्रं मी पण बघितली आणि मलाही तसंच वाटलं. श्रद्धेत खोट नाहीये, तू मोबाईलवरचे फोटो बघून काढतेस तिथे आहे. फोटोत पोझ होऊन गेलेली असते. तू नऊ वर्षं अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत) बसलीस, मांड्या कशा भरून येतात, तै या तै ला तळवा आपटला की झिणझिण्या कुठपर्यंत जातात हे तुला माहितीये आणि तुझ्या नटराजाच्या पायाला मात्र वजनच नाही, पायाखालच्या अपस्मारावर, त्या बुटक्या राक्षसावर, तो उभा नाहीये, नुसता टेकलाय (आणि त्या बिचाऱ्या अपस्माराला तू कमळाआड का लपवलंस?).

ज्याच्या मेघदूतावरून आपण रामटेक मिरवतो त्या कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात राजा आधी मालविकेचं चित्र बघतो, इतकी सुंदर खरंच असेल का अशी त्याला शंका येते, मग ती नाचायला समोर येते तेव्हा त्याला वाटतं चित्र काढणाऱ्याची समाधीच, म्हणजे एकाग्रताच, ढिली पडली असणार. शिथिलसमाधी, हा त्याचा शब्द. मालविका विदर्भाचीच राजकन्या, म्हणून मला ही गोष्ट जरा जास्तच घरची वाटते. चित्रकाराच्या भक्तीबद्दल राजा काहीच म्हणत नाही बघ, लक्ष कमी पडलं एवढंच.

तर महिनाभर रंग बंद. जुन्या क्लासला जा, गुरूंना विचारून कोपऱ्यात बस, न्यूजप्रिंटचा गठ्ठा आणि चारकोल घे आणि लहान पोरींचे अडवू (नाचाचे पायाभूत पदन्यास) चालू असताना काढत सुट, एकाला अर्धा मिनिट, चेहरा नको, दागिने नको, फक्त कणा आणि वजन कुठल्या पायावर आहे ते. पहिली पन्नास फेकायचीच असतात.

ॐ पण सध्या राहू दे. चित्रकार सैयद हैदर रझा आपल्या नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, १९३९ ते १९४३. लहानपणी मन लागत नाही म्हणून मास्तरांनी त्यांना भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसवलं होतं, आणि त्यांचा तो बिंदू कॅनव्हासवर ठाण मांडून बसला तो पन्नाशी उलटल्यावर. तुझा ॐ पहिल्याच चित्रात येऊन बसलाय!

गुडघा दुखत असेल तर क्लासमध्ये स्टूल माग, लाजू नको. आणि त्या सरांना पुढच्या वेळी कॅनव्हास नको दाखवू, हा चारकोलचा गठ्ठा दाखव.